१६०३ च्या आधीच्या ओळी

विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये १६०३ क्रमांकाची एक चूक आहे. स्थापना करताना गंभीर बिघाड झाला, एवढेच ती सांगते. फोल्डरवर लिहायची परवानगी नसली तरी १६०३, सर्व्हिस सुरू झाली नाही तरी १६०३, कोणी घाईत लिहिलेली कस्टम ॲक्शन कोसळली तरी १६०३. तरीही सपोर्टच्या टिकेटवर, ई-मेलच्या विषयात आणि टीम लीडच्या तोंडी हाच आकडा असतो. "सोळाशे तीन येतोय, बघ जरा."

ज्यांना असे 'बघ जरा' सांगितले जाते, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. सेटअपचे काम बहुधा रिलीजच्या आदल्या आठवड्यात आठवते आणि टीममधल्या सर्वांत नव्या मुलाकडे किंवा मुलीकडे येते. वेळ दिलेला नसतो, कारण "नुसत्या फाइली तर कॉपी करायच्यात". फाइली कॉपी करणे हा या कामाचा सगळ्यांत सोपा भाग. इन्स्टॉलर हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कधीही न पाहिलेल्या मशीनवर, सर्वांत मोठे अधिकार घेऊन चालतो, आणि त्या मशीनवर आधी कोण काय करून गेले आहे याची त्याला कल्पना नसते. प्रॉडक्टमध्ये चूक निघाली तर पुढच्या व्हर्जनमध्ये दुरुस्त करता येते. इन्स्टॉलरच चुकला तर पुढची व्हर्जन तिथे पोचवायची कशी, इथपासून प्रश्न सुरू होतो.

या कामात काही वर्षे घालवल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे आणि पुढची सगळी प्रकरणे त्याच्याच आधाराने लिहिली आहेत. इन्स्टॉलरचा बिघाड जिथे दिसतो तिथे तो क्वचितच झालेला असतो. लॉगमध्ये तो दिसतो त्याच्या बराच वर कुठेतरी असतो, आणि पुष्कळदा या पॅकेजमध्ये नसतोच. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी पाठवलेल्या पॅकेजमध्ये असतो.

म्हणून सुरुवात लॉगपासून. एमएसआय पॅकेज एमएसआयएक्झेक या आज्ञेने चालवताना लॉगचा पर्याय 'एल, तारका, व्ही' असा दिला की इन्स्टॉलर जे जे करतो ते सगळे लिहून ठेवतो. ग्राहकाला आज्ञा टाइप करायला लावणे जमत नसेल, तर रजिस्ट्रीतल्या विंडोज इन्स्टॉलरच्या पॉलिसीत 'लॉगिंग' नावाची नोंद करून तिच्यात 'व्हॉइसवॉर्मअप' अशी अक्षरे घालायची. रियाजाशी त्यांचा काही संबंध नाही. एकेक अक्षर म्हणजे लॉगचा एकेक पर्याय, आणि लक्षात राहावीत म्हणून कोणीतरी गमतीने ती अशी जुळवली आहेत. त्यानंतर प्रत्येक स्थापनेचा लॉग टेम्प फोल्डरमध्ये आपोआप पडतो. काम झाल्यावर ती नोंद काढून टाकावी, नाहीतर ग्राहकाचा टेम्प फुगत राहतो.

साध्या प्रॉडक्टचाही असा लॉग हजारो ओळींचा होतो. नवखा माणूस तो उघडतो आणि थेट शेवटी जातो. तिथे प्रॉपर्टींची लांबलचक यादी असते, तिच्या वर रोलबॅकच्या ओळी असतात, आणि त्या वाचून त्याला वाटते की फाइली पुसल्या जात आहेत हाच बिघाड. प्रत्यक्षात ती आवराआवर आहे. जे व्हायचे ते आधीच होऊन गेलेले असते. शोधायचे ते 'रिटर्न व्हॅल्यू ३' हे शब्द, वरून पहिल्यांदा जिथे येतात तिथे, आणि तिथून वरच्या दिशेने वाचत जायचे. बहुतेक वेळा वीस-तीस ओळींत खरे कारण सापडते. पुण्यात बसून जर्मन ग्राहकांना सपोर्ट देणाऱ्यांसाठी एक सूचना: हे शब्द मशीनवरच्या विंडोजच्या भाषेत छापले जातात, त्यामुळे जर्मन लॉगमध्ये इंग्रजी शब्द शोधत बसलात तर सगळे आलबेल आहे असेच वाटेल.

एक उदाहरण जवळून पाहू. पॅकेज एक सर्व्हिस बसवते. फाइली उतरतात, सर्व्हिसची नोंद होते, ती सुरू करण्याची पाळी येते आणि १९२० क्रमांकाची खिडकी उघडते: सर्व्हिस सुरू झाली नाही, ती सुरू करण्याइतके अधिकार तुमच्याकडे आहेत ना ते तपासा. वाचणारा लगेच अधिकारांच्या मागे लागतो. ॲडमिन म्हणून पुन्हा चालव, यूएसी बंद कर, डोमेनच्या माणसाला फोन लाव. मात्र अधिकारांचा इथे फारच क्वचित संबंध असतो. सर्व्हिस वेळेत उभी राहिली नाही एवढेच इन्स्टॉलरला कळते. का, ते कळत नाही, आणि संदेश लिहिणाऱ्याने एक शक्यता लिहून ठेवली आहे. अशा वेळी 'कॅन्सल' दाबू नये. दाबले की रोलबॅक सुरू होतो आणि पुरावा पुसला जातो. खिडकी तशीच उघडी ठेवायची. त्या क्षणी सगळ्या फाइली डिस्कवर आहेत, रजिस्ट्रीतल्या नोंदी झालेल्या आहेत. दुसरी कमांड विंडो उघडून सर्व्हिसची एक्झी हाताने चालवायची, की ती स्वतःच सांगते काय कमी आहे. बहुतेकदा ती एखादी डीएलएल मागते, आणि ती डीएलएल व्हिज्युअल सी++ च्या रनटाइमची असते.

लिहिणाऱ्याच्या मशीनवर ती असतेच, कारण तिथे व्हिज्युअल स्टुडिओ आहे. ग्राहकाच्या मशीनवर कधी असते, कधी नसते, आणि कधी अर्धीच असते. व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ पासून ६४-बिट प्रोग्रॅमना नावात जादा '१' असलेली आणखी एक रनटाइम फाइल लागू लागली. पॅकेजमध्ये जुनाच रनटाइम कोंबलेला आणि बिल्ड नव्या कंपायलरवर, असे झाले की वरवर सगळे बरोबर दिसते आणि प्रोग्रॅम उघडत नाही. २००५ आणि २००८ च्या रनटाइमची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. ते 'विनएसएक्सएस' नावाच्या सामायिक ठिकाणी जात, आणि विंडोज इन्स्टॉलर त्या ठिकाणच्या फाइली व्यवहार पुरता झाल्यावरच उपलब्ध करून देतो. सर्व्हिस सुरू करण्याची पाळी मात्र त्याआधी येते. म्हणजे ज्या सर्व्हिसला तो रनटाइम लागतो, ती त्याच पॅकेजमधून रनटाइम बसवत असेल तर पहिल्या स्थापनेत सुरूच होणार नाही. पॅकेजमध्ये रनटाइम आहे, क्रम बरोबर आहे, आणि तरी १९२०! अशा जुन्या प्रॉडक्टांची देखभाल अजून पुष्कळ जणांकडे आहे, म्हणून या भानगडीला पुस्तकात थोडी जास्त जागा दिली आहे.

हे सगळे इतके गुंतागुंतीचे का झाले, हे कळायला थोडे मागे जावे लागते. विंडोज ९५ च्या दिवसांत प्रत्येक सेटअप म्हणजे वरून खाली चालत जाणारी एक स्क्रिप्ट होती. इन्स्टॉलशील्ड आणि वाइज ही त्या काळची मोठी नावे. स्क्रिप्ट आपल्या डीएलएल सरळ विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये टाकायची. तिथे आधी नवी व्हर्जन असली तर काही स्क्रिप्टा तिच्यावर जुनी चढवायच्या, आणि मग दुसऱ्याच कोणाचा तरी प्रोग्रॅम बंद पडायचा. कोणती सामायिक फाइल किती जण वापरतात त्याचा हिशेब रजिस्ट्रीत ठेवला जाई, पण तो सगळ्यांनी इमानाने ठेवला तरच खरा. प्रोग्रॅम काढताना 'ही फाइल आता कोणी वापरत नाही असे दिसते, काढू का?' असा प्रश्न यायचा. त्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नसे आणि शहाणी माणसे 'नको' म्हणत.

यावरचा मायक्रोसॉफ्टचा उपाय १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर आला: विंडोज इन्स्टॉलर. त्याची फाइल म्हणजे एमएसआय, आणि एमएसआय हा एक छोटा रिलेशनल डेटाबेस आहे. फाइलींचे टेबल, रजिस्ट्रीचे टेबल, सर्व्हिसांचे टेबल. कोणती पायरी कधी चढायची हे आपण सांगत नाही. शेवटी मशीन कसे दिसायला हवे ते टेबलांत लिहितो आणि तिथपर्यंत कसे जायचे, मध्येच अडले तर मागे कसे फिरायचे, हे इन्स्टॉलर पाहतो. माझ्या मते ही कल्पना फार चांगली होती आणि आजही आहे. तिचा त्रास एवढाच की तिचे नियम मोडले तर शिक्षा लगेच होत नाही. ती पुढच्या व्हर्जनमध्ये होते, आणि तोवर नियम मोडणारा बहुधा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

त्याच्या आगेमागे उभी राहिलेली साधने वाचकाला माहीत असतील. जॉर्डन रसेल यांचे इनो सेटअप १९९७ पासूनचे. विनॲम्प करणाऱ्या नलसॉफ्टने स्वतःसाठी बनवलेले एनएसआयएस पुढे सगळ्यांचे झाले. ही दोन्ही स्क्रिप्टच्या घराण्यातली. एमएसआय बनवण्यासाठी मायक्रोसॉफ्टमधल्या रॉब मेन्शिंग यांचे विक्स २००४ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुले झाले. मायक्रोसॉफ्टने असे काही करण्याची ती पहिली खेप होती. कोणते साधन चांगले यावर वाद घालणाऱ्यांना माझे उत्तर रुक्ष आहे. घरोघरी जाणारा छोटा प्रोग्रॅम असेल तर इनो घ्या आणि सुखी राहा. बँका, कारखाने, सरकारी खाती यांच्याकडे शेकडो मशीनवर एकदम जाणारा असेल, तर त्यांचे ॲडमिन एमएसआय मागणार आणि ते मागणे रास्त आहे.

काही भानगडी पॅकेज बनायच्या आधीच सुरू होतात. इनो सेटअपचा कंपायलर शेवटच्या टप्प्यावर तयार एक्झीमध्ये आयकॉन आणि व्हर्जनची माहिती लिहितो, आणि नेमका तिथे 'एंडअपडेटरिसोर्स फेल्ड' म्हणून थांबतो. पुन्हा बिल्ड केला तर होतो. तिसऱ्यांदा पुन्हा अडतो. अधूनमधून येणारा दोष म्हणजे कोडमधला दोष नव्हे, इतके तरी त्यावरून ओळखावे. नवी एक्झी डिस्कवर दिसली की अँटिव्हायरस ती तपासायला उघडतो, आणि कंपायलरला त्याच क्षणी तिच्यात लिहायचे असते. आउटपुट फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळला की प्रश्न मिटतो. विक्सकडे याचा भाऊबंद आहे. पॅकेज तयार झाल्यावर ते आतल्या सुसंगतीचे नियम तपासते, आणि त्यातले बरेच नियम व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहिलेले आहेत. बिल्ड मशीनवर व्हीबीस्क्रिप्टची नोंद बिघडलेली असली की एलजीएचटी ०२१७ ही चूक येते आणि बिल्ड फुटतो. मग कोणीतरी तपासणीच बंद करण्याचा पर्याय शोधून काढतो. बिल्ड हिरवा होतो, सगळे खूश होतात, आणि पुढच्या दोन वर्षांतल्या चुका विनातपासणी बाहेर जातात. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे जाहीर केले आहे. ज्यांच्या कस्टम ॲक्शन त्या भाषेत आहेत त्यांनी त्या आत्ताच बदलायला घ्याव्यात.

आता गेल्या व्हर्जनच्या पापांकडे येतो. या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग त्यांचाच आहे.

विंडोज इन्स्टॉलर व्हर्जनच्या आकड्यातले पहिले तीनच भाग पाहतो. २.१.०.४५ आणि २.१.०.४६ या त्याच्या लेखी एकच. बिल्ड क्रमांक चौथ्या जागी ठेवणाऱ्या टीमचा अपग्रेड चालतो, चूक येत नाही, आणि कंट्रोल पॅनेलमध्ये तेच प्रॉडक्ट दोनदा दिसू लागते. पहिली व्हर्जन एका युजरपुरती बसवली आणि दुसरी सगळ्या मशीनसाठी, तरी तेच होते. दुसरी पहिलीला शोधतच नाही. असे दोष कळायला सोपे, एकदा कळले की पुन्हा होत नाहीत.

ज्या दोषाने माझ्या पाहण्यातल्या सर्वांत जास्त लोकांना चकवले, तो असा. जुन्या प्रॉडक्टमध्ये बाहेरून घेतलेली एक डीएलएल आहे, समजा ५.२. तिच्यात काही त्रास निघाला म्हणून नव्या प्रॉडक्टमध्ये टीमने मुद्दाम ५.१ घेतली. अपग्रेड चालवला. यशस्वी झाला. प्रोग्रॅम उघडला तर डीएलएल सापडत नाही. फोल्डरमध्ये पाहावे तर ५.२ नाही आणि ५.१ ही नाही. रिपेअर केले की ५.१ येते आणि सगळे सुरळीत. नक्की काय झाले ते लॉगमध्ये क्रमाने दिसते. स्थापनेच्या सुरुवातीलाच इन्स्टॉलर प्रत्येक कंपोनंटचे काय करायचे ते ठरवतो. त्या वेळी डिस्कवर ५.२ आहे, माझ्याकडे ५.१, डिस्कवरची वरचढ, म्हणून ही बसवायची नाही, असे तो ठरवतो आणि लॉगमध्ये स्पष्ट लिहितो की अमुक कंपोनंटची स्थापना नाकारत आहे, कारण वरच्या व्हर्जनची फाइल आधीपासून आहे. त्यानंतर जुने प्रॉडक्ट काढण्याची पाळी येते. ते जाताना आपली ५.२ घेऊन जाते. मग नव्या फाइली उतरतात. ५.१ बद्दलचा निर्णय आधीच झालेला, तो कोणी पुन्हा तपासत नाही. प्रत्येक पायरी नियमाप्रमाणे आणि शेवटी फाइल गायब. विक्समध्ये मेजर अपग्रेडचा मूळ क्रम असाच असल्याने हा खड्डा राजरस्त्यावरच आहे.

यावर जो उपाय हमखास सुचवला जातो तो म्हणजे 'रीइन्स्टॉलमोड' या प्रॉपर्टीत 'ए' घालून सगळ्या फाइली डोळे मिटून बदलायला लावणे. मी तो सुचवत नाही. त्याने तुमची डीएलएल येते, पण सामायिक फाइलींवरही जुन्या व्हर्जन चढू शकतात, म्हणजे १९९६ सालात परत. जुने प्रॉडक्ट काढण्याची पायरी शेवटाकडे नेता येते; मात्र मग कंपोनंटांचे नियम काटेकोर पाळलेले हवेत, आणि ते पहिल्या व्हर्जनपासून पाळलेले हवेत. शक्य असेल तर फाइलची व्हर्जन खाली येऊच देऊ नये. ५.१ चा कोड ५.३ या आकड्याने पुन्हा बांधून घेणे कितीही हास्यास्पद वाटले तरी सर्वांत स्वस्त पडते.

कस्टम ॲक्शन हे दुसरे मोठे प्रकरण. टेबलांत बसत नाही ते काम आपण स्वतःच्या कोडने करतो, आणि तिथेच व्यवहाराची हमी संपते. बहुतेक गोंधळ एका गोष्टीतून येतो. मशीनमध्ये खरे बदल करणाऱ्या ॲक्शन उशिरा, वेगळ्या प्रोसेसमध्ये, बहुधा सिस्टिम खात्याने चालतात. त्यांना पॅकेजच्या प्रॉपर्टी दिसत नाहीत. जे लागते ते आधीच 'कस्टमॲक्शनडेटा'मध्ये बांधून द्यावे लागते. म्हणून स्थापनेचा फोल्डर विचारला की रिकामे उत्तर येते, आणि रिकाम्या उत्तराला पुढे फाइलचे नाव जोडले की मार्ग थेट ड्राइव्हच्या मुळाशी जातो. तसेच ग्राहकाने झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला सर्व्हरवरचा फोल्डर सिस्टिम खात्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. "मला तर एक्सप्लोररमध्ये दिसतोय की!" हे ग्राहकाचे म्हणणे खरे असते आणि इन्स्टॉलरचेही.

मराठी वाचकासाठी लिहिताना एक विषय टाळता येत नाही, आणि इंग्रजी पुस्तकांत तो जवळजवळ नसतो. एमएसआयमधल्या मजकुराला एक कोड पेज ठरवावे लागते. इंग्रजीला १२५२, रशियनला १२५१, जपानीला ९३२. देवनागरीला विंडोजमध्ये असे एन्सी कोड पेज कधी नव्हतेच. विंडोज २००० पासून आपली लिपी थेट युनिकोडमधून आली. त्यामुळे विक्समध्ये प्रॉडक्टचे नाव किंवा शॉर्टकटचे वर्णन मराठीत लिहिले की लिंकर अडतो: १२५२ मध्ये ही अक्षरे नाहीत. कोड पेज ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, घातले तर पॅकेज बनते आणि बहुतेक जागी नीट दिसते. पण प्रत्येक खिडकी प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय ते ग्राहकाला देऊ नये. परवान्याचा मजकूर ही वेगळीच गंमत आहे. तो आरटीएफ लागतो, आणि आरटीएफमध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षर आकड्याच्या रूपात लिहिलेले असते. वर्डपॅडमधून सेव्ह केले तर ते आपोआप होते. कोणी नोटपॅडमध्ये उघडून एक ओळ हाताने मराठीत वाढवली, की नेमकी तीच ओळ कचऱ्यासारखी दिसते आणि बाकीचा परवाना ठीक.

याहून चिवट अडचण युजरच्या नावाची. लोकल खाते मराठीत नाव घालून उघडले की युजरचा फोल्डर देवनागरीत तयार होतो आणि टेम्पही त्याच्या पोटात जातो. जुना, युनिकोड नसलेला सेटअप स्वतःला टेम्पमध्ये उलगडायला गेला की त्या मार्गातल्या अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात, आणि विंडोजला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. सेटअप सुरूही होत नाही. एनएसआयएसला युनिकोड २०१६ मध्ये ३.० बरोबर मिळाले. इनो सेटअप २०१९ च्या सहाव्या आवृत्तीपासून फक्त युनिकोड आहे. त्याआधीच्या साधनांनी बांधलेले सेटअप आजही पेन ड्राइव्हवरून हिंडत असतात. शाळेच्या संगणकावर 'इयत्ता आठवी' नावाचे खाते असेल आणि तिथे काही बसत नसेल, तर आधी हे पाहावे.

खुद्द विंडोजनेही गोंधळात भर घातली आहे. व्हिस्टापासून यूएसी आले, आणि जुन्या सेटअपना ॲडमिनचे अधिकार मिळावेत म्हणून विंडोज ३२-बिट एक्झीच्या नावात 'सेटअप', 'इन्स्टॉल', 'अपडेट' असे शब्द दिसतात का ते पाहू लागले. निरुपद्रवी प्रोग्रॅमच्या नावात 'अपडेट' आहे म्हणून तो परवानगी मागतो, आणि नाव बदलले की मागत नाही, असे दृश्य प्रथम पाहणाऱ्याला भुताटकी वाटते. त्यावर मॅनिफेस्ट हा उपाय आहे. ६४-बिट विंडोजमध्ये 'सिस्टिम३२' फोल्डरात ६४-बिट फाइली राहतात आणि 'सिसवॉव६४' मध्ये ३२-बिट, हे एकदा पाठ करून टाकावे. त्यामागचे कारण आहे, पण ते कळल्याने पाठ करणे टळत नाही.

प्रोग्रॅम काढण्याच्या बाजूकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. घर सोडताना भाडेकरूने आपले सामान न्यावे, मालकाचे पंखे उतरवू नयेत, एवढीच अपेक्षा असते. बंजीचा 'मिथ २' हा खेळ १९९८ च्या अखेरीस निघाला तेव्हा त्याचा अनइन्स्टॉलर खेळ ज्या फोल्डरात असेल तो सबंध फोल्डर पुसत असे. कोणी खेळ ड्राइव्हच्या मुळाशीच बसवला असेल तर? कंपनीला प्रती परत मागवाव्या लागल्या. डिसेंबर २००७ मध्ये आइसलंडच्या सीसीपी कंपनीच्या 'ईव्ह ऑनलाइन' या खेळाचा पॅच आला. त्या खेळाची स्वतःची 'बूट.आयएनआय' नावाची एक फाइल होती आणि याच नावाची विंडोज एक्सपीचीही एक, सी ड्राइव्हच्या मुळाशी. पॅचने चुकीची पुसली आणि काही खेळाडूंचे संगणक पुन्हा सुरू होईनात. दोन्ही ठिकाणी लिहिणारे नवखे नव्हते. पुसण्याच्या आज्ञेला पूर्ण मार्ग द्यायचा आणि तो रिकामा नाही हे आधी तपासायचे, हा नियम मी पुस्तकात जागोजागी लिहिला आहे. वाचकाला कंटाळा आला तरी चालेल.

सराव करायला रोजचे मशीन वापरू नये. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइजमध्ये विंडोज सँडबॉक्स आहे: उघडले की कोरे विंडोज, बंद केले की सगळे गेले. पहिल्या स्थापनेच्या चाचणीला ते उत्तम. अपग्रेडच्या चाचणीला मात्र स्नॅपशॉट घेता येतील असे व्हर्चुअल मशीन लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आजवर ग्राहकाकडे गेलेले प्रत्येक एमएसआय जसेच्या तसे जपून ठेवलेले लागते. ते पुन्हा बिल्ड करून चालत नाही, कारण नव्या बिल्डला नवा पॅकेज कोड मिळतो आणि ते ग्राहकाकडचे राहत नाही. जोडीला सिसइंटर्नल्सचे प्रोसेस मॉनिटर हवे. लॉग गप्प बसतो तिथे ते बोलते.

सर्व्हरची देखभाल करणाऱ्या मित्रांना एक विनंती. बसवलेल्या प्रोग्रॅमांची यादी काढायला डब्ल्यूएमआयमधला 'विन३२ प्रॉडक्ट' हा वर्ग वापरू नका. नुसती यादी मागितली की तो मशीनवरच्या प्रत्येक एमएसआय प्रॉडक्टची तपासणी सुरू करतो आणि काही मोडलेले दिसले तर दुरुस्तीही. रात्री यादी काढणारी स्क्रिप्ट चालली आणि सकाळी कोणाचे तरी सेटिंग मूळपदावर गेले, अशा तक्रारींचा उगम पुष्कळदा तिथे असतो. तसेच सी ड्राइव्हवर जागा करायची म्हणून विंडोजमधला 'इन्स्टॉलर' फोल्डर रिकामा करू नका. पुढचा पॅच किंवा अनइन्स्टॉल त्यातल्याच फाइली मागतो.

एमएसआयएक्स या मायक्रोसॉफ्टच्या नव्या पॅकेज-प्रकाराला या पुस्तकात एकच छोटे प्रकरण दिले आहे. ते स्वच्छ आहे, पण ज्या प्रॉडक्टांमुळे लोक रात्री जागतात त्यातली फारच थोडी त्यात बसतात. सहीच्या प्रकरणात जून २०२३ पासूनचा बदल घेतला आहे: आता कोड सही करण्याची खासगी किल्ली प्रमाणित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, त्यामुळे बिल्ड सर्व्हरवर फाइल ठेवून सही करण्याची जुनी सोय गेली. सहीवर टाइमस्टँप घ्यायला विसरलात तर सर्टिफिकेटची मुदत संपली की सहीही संपते, हे मात्र जुनेच.

स्वयंदुरुस्तीचे प्रकरण छापायला द्यायच्या बेतात असताना पुन्हा लिहावे लागले. ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर विंडोज एमएसआयच्या दुरुस्तीच्या वेळी ॲडमिनची परवानगी मागू लागले. एका युजरने बसवलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने पहिल्यांदा उघडला की त्याच्यापुरती उरलेली जुळवाजुळव गुपचूप रिपेअरनेच होते, अशी कित्येक पॅकेजची जुनी रीत आहे. त्या साध्या युजरांसमोर अचानक ॲडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी येऊ लागली. पुढच्या महिन्यात मायक्रोसॉफ्टने हे थोडे सैल केले: वाढीव अधिकारांनी चालणारी कस्टम ॲक्शन पॅकेजमध्ये असेल तरच विचारणा होते. तुमच्या पॅकेजमध्ये अशी ॲक्शन आहे का हे ओर्का या एमएसआयची टेबले दाखवणाऱ्या साधनात कस्टमॲक्शनचे टेबल उघडून पाहता येते. असेल, आणि युजरसाठीच्या रजिस्ट्री नोंदी तुम्ही रिपेअरवर सोपवल्या असतील, तर बाकीचे पुस्तक बाजूला ठेवून ते प्रकरण आधी वाचावे.